यंत्राला हात लावायचा की नाही?

कंपनीच्या कामासाठी थोड्या दिवसांकरता परदेशी जायचं ठरलं की आपल्याकडे सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, व्हिसा किती दिवसांत मिळेल. त्याच्या आधी विचारायला हवा असा एक प्रश्न आहे: तिथे जाऊन तुम्ही नक्की काय करणार? बघणार, बोलणार, शिकणार, की पाना हातात घेऊन काम करणार? व्हिसाचा प्रकार, लागणारी कागदपत्रं, विमानतळावरच्या अधिकाऱ्याला द्यायचं उत्तर, सगळं त्यावर ठरतं. आमच्या कारखान्यातून जर्मनीला जाऊन आल्यावर ही गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या लहान-मध्यम कारखान्यांमधून आता बरेच जण असे जातात, म्हणून सविस्तर लिहिते.

जळगावच्या एमआयडीसीत ठिबकच्या नळ्या करणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभाग सांभाळते. बाहेरच्यांना जळगाव म्हटलं की केळी आणि सोनं आठवतं. इथे राहणाऱ्यांना त्याबरोबर डाळ, प्लॅस्टिकच्या चटया आणि पाइपही दिसतात, कारण हजारो घरं त्यावर चालतात. आमच्या शेठनी जर्मनीतल्या एका कंपनीकडे नळीची नवी लाइन मागवली होती: प्लॅस्टिक वितळवून पुढे ढकलणारा एक्स्ट्रूडर, नळीला आकार देणारा डाय, व्हॅक्यूम टँक, ड्रिपर आत बसवणारा भाग आणि शेवटी गुंडाळी करणारा वाइंडर. एवढी मोठी खरेदी असली की यंत्र जहाजावर चढण्याआधी तिथे जाऊन ते चालवून बघायचं आणि मगच ताब्यात घ्यायचं, अशी पद्धत आहे. आमच्या धंद्यात त्याला फॅट म्हणतात, म्हणजे फॅक्टरी अ‍ॅक्सेप्टन्स टेस्ट. त्याला जोडूनच यंत्र चालवायचं प्रशिक्षण होतं.

त्याआधी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, मी आणि शेठ ड्युसेलडॉर्फच्या ‘के’ नावाच्या प्रदर्शनाला जाऊन आलो होतो. प्लॅस्टिकवाल्यांची ती पंढरीच. दर तीन वर्षांनी भरते, त्या वेळी ८ ते १५ ऑक्टोबर होती. प्रदर्शनाचा व्हिसा सरळ असतो. प्रवेशाची तिकिटं, पुरवठादाराचं निमंत्रण, कंपनीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचा उतारा, विमा, हॉटेल आणि विमानाचं आरक्षण. प्रदर्शनात कोणी काम करत नाही, बघतं आणि बोलतं, त्यामुळे कोणाच्या मनात शंका येत नाही. मला त्रास झाला तो नावाचा. पासपोर्ट लग्नाआधीचा, माहेरच्या आडनावाचा. पगाराची स्लिप, पॅन आणि आधार सासरच्या आडनावाचे. लग्नाचा दाखला जोडून काम भागेल असं काहींनी सांगितलं, पण मी नव्या नावाने पासपोर्टच पुन्हा काढून घेतला. तिकीट, विमा, निमंत्रण आणि पगाराची स्लिप या चारही कागदांवर एकच नाव असलं की पुढची निम्मी चिंता मिटते. बायकांनी हे काम प्रवास ठरायच्या आधीच उरकून ठेवावं. पोलीस पडताळणीला कधी किती वेळ लागेल याचा भरवसा नसतो.

प्रदर्शनाची फाइल दिली त्याच सुमाराला अमेरिकेतली एक बातमी आली. ४ सप्टेंबर २०२५ ला जॉर्जिया राज्यात बॅटरीचा कारखाना उभा राहत होता, तिथे छापा पडला. ४७५ जणांना ताब्यात घेतलं, त्यात ३०० हून अधिक दक्षिण कोरियाचे होते. त्यातले बरेच जण यंत्रं बसवायला, थोड्या दिवसांसाठी आलेले, व्यावसायिक भेटीच्या व्हिसावर किंवा व्हिसा न लागणाऱ्या सवलतीवर. अमेरिकेच्या बी-१ या व्यावसायिक भेटीच्या व्हिसावर परदेशी कंपनीकडून घेतलेलं यंत्र बसवायला किंवा दुरुस्त करायला जाता येतं, पण विक्रीच्या करारात तसं लिहिलेलं हवं, पगार मायदेशातून हवा आणि बांधकामाचं काम करायचं नाही. म्हणजे एकाच शेडमध्ये, एकाच व्हिसावर, एक माणूस नियमात आणि शेजारचा नियमाबाहेर असू शकतो. हातात बेड्या घातलेल्या त्या कुशल माणसांचे फोटो बघून शेठ गंभीर झाले. मला म्हणाले, ‘‘आपली माणसं पाठवायची तर सगळं कागदावर स्वच्छ हवं. उशीर झाला तरी चालेल.’’ हा निर्णय त्यांनी घेतला याचा मला आजही आदर वाटतो, कारण उशीर झाला की नुकसान त्यांचंच होतं.

फॅटसाठी मी जाणार होते आणि माझ्याबरोबर आमचे लाइन ऑपरेटर. वयाने पन्नाशीचे, एरंडोल तालुक्यातले, सगळा कारखाना त्यांना भाऊ म्हणतो. शिक्षण नववीपर्यंत. पण लाइनच्या एका टोकाला उभं राहून नुसत्या आवाजावरून दुसऱ्या टोकाचा व्हॅक्यूम कमी पडतोय हे सांगणारा माणूस. नळी बोटांतून सरकवली की भिंतीची जाडी कुठे पातळ झाली हे त्यांना कळतं, मीटर आम्ही नंतर लावतो. नवं यंत्र तपासायला त्यांच्याशिवाय कोणाला नेणार?

ठरल्यावर भाऊंनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, ‘‘ताई, तठे जाईसन आपन यंत्रले हात लावाना का नही?’’

मला त्या क्षणी उत्तर देता आलं नाही, आणि पुढचे काही आठवडे मी त्या एका प्रश्नाच्या मागे होते.

गावातल्या एका एजंटाने तोडगा सुचवला. ‘‘टुरिस्ट दाखवा. आठ दिवसांत मोकळे. तिथे कोण बघतं?’’ असा सल्ला देणारे प्रत्येक शहरात आहेत आणि तो ऐकणारेही आहेत. मी एवढंच सांगेन की अर्जात प्रवासाचा हेतू खोटा लिहिला आणि पकडलं गेलं, तर नकार त्या एका अर्जापुरता राहत नाही. शेंगेन देशांची, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपातल्या देशांची, व्हिसाची नोंद एकत्र असते, पुढच्या प्रत्येक अर्जात ती समोर येते. आणि तो डाग कंपनीवर नाही, माणसाच्या पासपोर्टावर पडतो. भाऊंसारख्या माणसाला असल्या जोखमीत ढकलायचा अधिकार कोणालाच नाही.

मी जर्मनीचे नियम वाचायला घेतले. पुरवठादाराच्या कार्यालयातल्या बाईंनी योग्य कलम दाखवून दिलं, ते असं: परदेशी लोकांच्या रोजगाराबद्दल जर्मनीची एक नियमावली आहे, तिच्या १९ व्या कलमात थोड्या मुदतीच्या कामांची सूट आहे. परदेशातल्या मालकाने पाठवलेला माणूस बारा महिन्यांत ९० दिवसांपर्यंत तिथे येऊन, आपल्या कंपनीने विकत घेतलेलं यंत्र तपासून ताब्यात घेऊ शकतो किंवा ते चालवायला शिकू शकतो. त्यासाठी तिथल्या रोजगार खात्याची वेगळी मंजुरी लागत नाही. उलट बाजूही त्याच कलमात आहे. तुमच्या कंपनीने जर्मनीत यंत्र विकलं असेल, तर ते बसवायला, दुरुस्त करायला, तिथल्या लोकांना शिकवायला तुमचा माणूस जाऊ शकतो, पण त्याची आगाऊ सूचना रोजगार खात्याला द्यावी लागते.

म्हणजे भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर होतं: हो, लावायचा, पण शिकण्यापुरता आणि तपासण्यापुरता. आपलं यंत्र, आपला मालक, आपला पगार. त्यापलीकडे नाही.

हे कळल्यावर निमंत्रणाचं पत्र पुन्हा वाचलं आणि पोटात गोळा आला. पुरवठादाराने भल्या मनाने लिहिलं होतं की आमच्याकडचे दोन तंत्रज्ञ ‘यंत्राच्या जोडणीत आणि चाचणीत मदत करतील’. जोडणीत मदत म्हणजे काम! व्हिसा अधिकाऱ्याने ते वाक्य वाचून परवाना मागितला असता, तर त्याचं काहीच चुकलं नसतं. आणि ते खरंही नव्हतं. जोडणी त्यांचेच लोक करणार होते. मी त्यांना कळवलं की जे होणार आहे तेच लिहा. दुसरं पत्र आलं त्यात ऑर्डरचा क्रमांक होता, यंत्राचं नाव होतं, चाचणीचा आणि प्रशिक्षणाचा दिवसवार कार्यक्रम होता, जोडणी आणि विजेचं काम पुरवठादाराचेच कर्मचारी करतील हे स्पष्ट होतं, पगार आणि सगळा खर्च जळगावची कंपनी करेल हेही होतं. जर्मन मजकूर आणि त्याखाली इंग्रजी. हे एक पान आमच्या सगळ्या फाइलचा कणा ठरलं. दुसरं काही नाही जमलं तरी हे पत्र नीट घ्या.

आता भाऊंची फाइल. माझ्यासारख्या पगारदार पदवीधराची फाइल आपोआप जाडजूड होते. आयकराची विवरणपत्रं, फॉर्म १६, आधीचा व्हिसा. भाऊंकडे यातलं काही नव्हतं. पगार करपात्र नाही, म्हणून विवरणपत्र कधी भरलं नाही. बँकेच्या पासबुकात पगार यायचा आणि आठवडाभरात घरखर्चाला, खताला, मुलाच्या फीला जायचा. व्हिसा देणाऱ्याला दोन गोष्टी पटायला लागतात: हा माणूस खर्च भागवू शकतो आणि हा परत येणार. पंचवीस वर्षं एकाच जागी राबणारा माणूस परत येणार हे आम्हाला सांगायला नको, पण कागदाला सांगावं लागतं.

आम्ही काय काय जोडलं ते लिहिते, कारण कामगारांची फाइल कशी करावी हे कोणी सांगत नाही. भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक सगळ्यात उपयोगी पडलं. त्यात महिन्यामहिन्याला कंपनीची आणि त्यांची रक्कम जमा झालेली दिसते, वर्षानुवर्षं, आणि ती नोंद सरकारी असते. पगाराच्या स्लिपांपेक्षा तिचं वजन जास्त. मग कंपनीचं पत्र, ज्यात त्यांचं पद, रुजू झाल्याचं वर्ष, प्रवासाचा हेतू आणि परतल्यावर नव्या लाइनची जबाबदारी त्यांच्याकडे असणार हे लिहिलं. खरेदीच्या ऑर्डरची प्रत. कंपनीची जीएसटी आणि उद्यम नोंदणी. कंपनीच्या खात्याचा उतारा, कारण खर्च ती करणार. आणि भाऊंच्या नावावरच्या शेताचा ७/१२, इंग्रजी भाषांतरासह. दोन एकर कापूस. पीकपाण्याच्या रकान्यातली ती नोंद भाऊंनी स्वतः मला बोट ठेवून दाखवली.

त्यांच्या पासपोर्टावर ईसीआरचा, म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’चा, शिक्का होता. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टावर तो असतो. गल्लीतल्या कोणीतरी त्यांना घाबरवलं होतं की हा शिक्का असला की बाहेर जाताच येत नाही. असं नाही. ईसीआर असेल तर ठरावीक १८ देशांत, सौदी, कतार, ओमान, मलेशिया वगैरे, नोकरीसाठी जाताना सरकारची परवानगी लागते. अडाणी म्हणून कोणी फसवू नये यासाठी ती तरतूद आहे. जर्मनी त्या यादीत नाही आणि आम्ही नोकरीला जात नव्हतो.

जर्मनीचा अर्ज व्हिडेक्स नावाच्या फॉर्मवर ऑनलाइन भरून छापायचा असतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, शंका असली तर ४५ पर्यंत. फी ९० युरो, ती ११ जून २०२४ पासून ८० वरून वाढली, शिवाय अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, मुक्कामाचा प्रत्येक दिवस झाकणारा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत.

रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस धरून आम्ही मुंबई गाठली. माझ्या बोटांचे ठसे प्रदर्शनाच्या वेळी घेतलेले होते आणि ते ५९ महिने चालतात, त्यामुळे मला तसं काम नव्हतं. पण भाऊंना एकटं पाठवायचं माझ्या मनात आलं नाही.

केंद्रावर दहाही बोटांचे ठसे घेतात. आधी चार बोटं, मग दुसऱ्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे. भाऊंनी हात काचेवर ठेवला आणि पडद्यावर लाल चौकट आली. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. गरम नळी ओढून, डायवरचं जळकं प्लॅस्टिक खरवडून त्यांच्या बोटांच्या रेषा घासून गेल्या आहेत. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची टोकं तर गुळगुळीत, जुन्या डागांनी चकाकणारी. ते शरमले, शर्टाला हात पुसायला लागले. काउंटरवरची मुलगी फार समजूतदार होती. तिने ओला रुमाल दिला, बोटं पुसायला लावली, कोरडी न करता लगेच ठेवायला सांगितली, आणि स्वतःच्या हाताने एकेक बोट काचेवर हलकं दाबून धरलं. ‘‘काका, सावकाश. घाई नाही.’’ हळूहळू एकेक चौकट हिरवी झाली. अशा हातांच्या माणसाला नेणार असाल, तर चार दिवस आधीपासून रात्री हातांना खोबरेल चोळायला सांगा. तिनेच तो उपाय सांगितला.

आठवड्याभराने माझ्या नाही, भाऊंच्या अर्जावर ई-मेल आला. ऑपरेटर या पदाच्या माणसाने नक्की काय करायचं आहे याचा खुलासा मागितला होता. मला आधी राग आला. मग पटलं की विचारणारा त्याचं काम करतोय. ऑपरेटर म्हटलं की हाताने काम करणारा, आणि हाताने काम करणारा तिथे काम करायलाच येतोय की काय अशी शंका येणारच. आम्ही यंत्राचा करार, त्यातलं खरेदीदाराच्या माणसांना प्रशिक्षण देण्याचं कलम आणि प्रशिक्षणाचा कार्यक्रम पुन्हा पाठवला. व्हिसा आला. पण माझं म्हणणं असं आहे की ज्या माणसाच्या हातात कसब आहे त्याच्याकडे ते सिद्ध करायला कागद नसतात, आणि ते उभे करणं ही कंपनीची जबाबदारी आहे. माणसाला ‘तुझं तू बघ’ म्हणून एजंटाकडे पाठवणं हा अन्याय आहे.

व्हिसाचा स्टिकर हातात आला की आनंदात तो वाचायचा राहतो. त्यावर तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल, किती वेळा आत जाता येईल, आणि एकूण किती दिवस राहता येईल. पहिल्या दोन तारखांमधलं अंतर मोठं दिसतं कारण त्यात पंधरा दिवसांची सैल जागा धरलेली असते, विमान वगैरे मागेपुढे झालं तर. राहायचे दिवस मात्र तिसऱ्या रकान्यात आहेत तेवढेच. तारीख शिल्लक आहे म्हणून जास्त राहिलं तर तो नियमभंगच.

वारंवार जाणाऱ्यांसाठी ९० आणि १८० चं गणित. शेंगेनचे २९ देश मिळून, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. जानेवारी ते जून असा हिशेब नसतो. आज तिथे असाल तर आजपासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात किती दिवस आत होता ते बघायचं. उतरल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही पूर्ण धरतात. जर्मनीतले, इटलीतले, फ्रान्समधले दिवस एकाच खात्यात जातात. बल्गेरिया आणि रोमानियाही १ जानेवारी २०२५ पासून पुरते त्यात आले. ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा. शेठना जर्मनीतून एक दिवस इंग्लंडला जाऊन यायचं होतं, ते यामुळे राहिलं. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर हे दिवस मोजायचं साधन आहे, त्यात तारखा टाकून बघावं. भारतीयांना एप्रिल २०२४ पासून एक सवलतही आहे. तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक वेळा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टाची मुदत पुरेशी असेल तर पाच वर्षांचा.

निघायच्या आदल्या दिवशी भाऊंच्या घरून डबा आला. साजूक तुपातले लाडू, पेढे, शेंगदाण्याची चटणी आणि घरची केळी. युरोपात बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे आणि लाडू काढून ठेवावे लागले. वहिनींचा चेहरा उतरला. केळी मात्र चालतात! ताजी फळं नेताना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो, त्यातून पाच फळं वगळली आहेत: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या माणसाला याहून चांगली बातमी कोणती?

फ्रँकफर्टला उतरलो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर टप्प्याटप्प्याने नवी नोंद पद्धत सुरू झाली आहे. काउंटरवर कॅमेऱ्याने चेहरा टिपतात आणि आत-बाहेर जाण्याची तारीख संगणकात जाते. त्या वेळी आमच्या पासपोर्टावर शिक्काही मारला. या नोंदीमुळे ९० दिवसांचा हिशेब यंत्रच करणार, त्यामुळे ‘शिक्का पुसट होता’ ही सबब संपली. व्हिसा आहे म्हणजे प्रवेश मिळालाच असं नसतं, सीमेवरचा अधिकारी पुन्हा विचारू शकतो. म्हणून निमंत्रण, विमा आणि परतीचं तिकीट मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवलं होतं. अधिकाऱ्याने भाऊंना इंग्रजीत हेतू विचारला. भाऊंनी एक शब्द न बोलता जर्मन मजकुराचं ते पत्र पुढे सरकवलं. त्याने ते वरपासून खालपर्यंत वाचलं, यंत्राच्या नावाशी थोडा थांबला, माझ्याकडे बघून ‘‘ट्रेनिंग?’’ म्हणाला, आणि सोडलं.

चाचणी चांगली झाली. भाऊ पहिल्या तासात यंत्राशी रुळले. शिकवणारा तंत्रज्ञ जर्मन बोलायचा, मी मधे इंग्रजीतून मराठीत आणायची, पण थोड्या वेळाने माझी गरजच उरली नाही. दोघं तापमानाच्या आकड्यांवर आणि नळीच्या रंगावर बोलत होते. वाइंडरच्या ताणात एक दोष भाऊंच्या लक्षात आला, जास्त वेगात गुंडाळीची आतली नळी चपटी होत होती. तो त्यांच्या लोकांनी तिथेच दुरुस्त केला. पुढे जळगावात आमचा किती माल वाया गेला असता, ते त्या एका नजरेने वाचलं.

खरी परीक्षा शेवटी झाली. चाचणी आटोपली आणि लाइन उघडून, बांधून जहाजासाठी तयार करायची होती. त्यांची दोन माणसं आजारी होती. तिथले व्यवस्थापक मोकळ्या मनाने म्हणाले, तुमचे हे गृहस्थ इतके तरबेज आहेत, दोन दिवस आमच्या लोकांना हातभार लावतील का? यंत्र तुमचंच आहे, लवकर निघेल. भाऊंनी तोवर पाना उचललाही होता. स्वभावच तसा, समोर काम पडलेलं दिसलं की गप्प बसवत नाही. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि व्यवस्थापकांना सांगितलं की आमच्या पत्रात चाचणी आणि प्रशिक्षण आहे, बांधाबांध तुमच्याकडे आहे, आणि ह्यांना काही लागलं, इजा झाली, तर विमाही या कामाला धरणार नाही. त्यांना क्षणभर अवघडल्यासारखं झालं, मग त्यांनी स्वतःच मान्य केलं. भाऊंनी पाना खाली ठेवला आणि बाजूला उभं राहून कोणता भाग कोणत्या खोक्यात जातो याचे फोटो काढले. जळगावात खोकी उघडताना त्याच फोटोंचा उपयोग होणार आहे. बघायला कुठलाच नियम आडवा येत नाही.

आता उलटा फेरा सुरू झाला आहे. यंत्र समुद्रात आहे आणि ते बसवायला तिकडचे तंत्रज्ञ जळगावला येणार आहेत, तेव्हा निमंत्रण लिहायची पाळी माझी. आपल्याकडेही नुसत्या बैठकीला येणारा आणि यंत्र बसवायला येणारा यांत फरक करतात. साध्या व्यावसायिक व्हिसावर कराराचं प्रत्यक्ष काम करता येत नाही, त्यासाठी आजवर रोजगार व्हिसा घ्यावा लागायचा. २०२५ च्या अखेरीस उत्पादन आणि गुंतवणुकीच्या कामांसाठी ई-बी-४ हा नवा ई-व्हिसा आला, त्यात यंत्र बसवणं, सुरू करून देणं आणि प्रशिक्षण येतं. भारतातल्या कंपनीने आधी राष्ट्रीय एक खिडकी पोर्टलवरून प्रायोजक पत्र काढून द्यायचं असतं. ते पत्र काढायला मी बसले आहे. किती जण येणार, प्रत्येक जण काय करणार, त्यांचा पगार कोण देणार, हे तिकडून नावानिशी मागवलं आहे. ते ज्या हॉटेलात उतरणार त्या मालकांनाही आजच भेटून आले, कारण परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते आणि त्यासाठीची हॉटेलची नोंदणी अजून झालेली नाही. सोमवारी ती करून घेणार आहोत.